उलटा धरलेला कर्णा

छोट्या तोंडाकडून

मित्रांनो, वीज नको, बटण नको, असा मी पत्र्याचा जुना कर्णा आहे. एका पत्रेवाल्याने मला तेलाच्या डब्यातून कापलं, वळवलं, डाख दिला. वीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर गाजलो. खेळाचे सर माझ्या छोट्या तोंडाला ओठ लावत आणि मोठ्या तोंडातून मैदान हलत असे. मग विजेवरचा भोंगा आला. मी खडूच्या खोक्यांमागे गेलो.

तिथून मला काढलं एका कॉलेजच्या मुलीने. सगळ्यांना कामाला जुंपते म्हणून मित्र तिला मुकादम म्हणत. भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत माणसांचे कान हळूहळू जातात, आणि कोणी कबूल करत नाही. तिचे वडील तिथलेच. शनिवारपर्यंत तपासणीसाठी वीस नावं जमली, तर रविवारी कानाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. नाहीतर दुसऱ्या वस्तीत जाणार होत्या.

तीन दिवस ती आणि तिचे मित्र, अशी पाच पोरं मला घेऊन गल्लीत फिरली.

"काका, कान तपा—"

ठण.

"मोफत आहे, फक्त रवि—"

ठण ठण ठण.

कमी ऐकू येणाऱ्यांना, हातोड्यांच्या गदारोळात, लांबून ओरडून सांगायचं की तुम्हाला कमी ऐकू येतं! एका काकांनी मला हातात घेतलं, माझा पोचा पाहिला आणि ठोकून सरळ करून दिला. वर मान हलवून म्हणाले, "राहू दे, पैसे नकोत."

नावं: शून्य.

मोठ्या तोंडाकडून

शुक्रवारी संध्याकाळी वडील जेवत होते.

"बाबा, तुम्ही तरी या रविवारी."

"बरं."

"बाबा, घराला आग लागलीये."

"बरं बरं."

मुकादम हसली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या माझ्यावर पडली. तिने मला उचललं, उलटं केलं, छोटं तोंड वडिलांच्या कानाला लावलं आणि मोठ्या तोंडात नेहमीच्या आवाजात बोलली. "बाबा, मी आहे."

घास हातातच राहिला.

"अगं, तुझा आवाज आईसारखा झालाय की! कधी झाला?"

"चार वर्षं झाली, बाबा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगतच होते."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "लिही माझं नाव."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः मला काखेत मारून दुकानोदुकानी फिरले. मागे पाच पोरं, वही घेऊन.

"लाव रे कानाला. आता बोल गं पोरी."

"अरेच्चा! म्हणजे बायको काय बोलते तेही कळेल?"

"कळेल की."

"मग माझं नाव खोड!"

खोडलं नाही कोणी. तेवीस झाली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. पत्रा आहे, गंजेल. पण तुमच्या हाकेला घरातलं कोणी ओ देत नसेल, तर चिडू नका. उठा. चार पावलं चाला, शेजारी बसा, साध्या आवाजात बोला. आणि थांबा. आवाजाला आत पोहोचायला अंतर कापावं लागतं. मला ठाऊक आहे; माझ्यातून तो जातो, तेव्हा मला कळतं.