टाकी लाल झाली तेव्हा

भाचीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर माझी बोबडी वळते हे तिला लहानपणापासून ठाऊक, म्हणून ती अजूनही मला पत्रंच लिहिते. फळांच्या रसाच्या कारखान्यात यंत्रं धुतल्यावर जे गोडसर, आंबूस पाणी निघतं, ते स्वच्छ करायचं काम तिच्याकडे. त्यासाठी तिने हट्टाने पारदर्शक झाकणाची टाकी बांधून घेतली आणि तिच्यात उन्हावर वाढणारे हिरवे सूक्ष्मजीव सोडले. पाण्यातली घाण हेच त्यांचं खाणं.

"मामा, टाकी हिरवीची लाल होत चालली आहे. माझे जीव मेले का? हवा सोडू का? लगेच कळवा."

मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण पुस्तकातून. कपाटं धुंडाळली. उत्तर सापडल्यासारखं वाटे, पण लिहायला बसलो की प्रत्येक वाक्यात 'बहुधा' येई. 'बहुधा'वर तिची नोकरी कशी टांगायची? कागद फाडत राहिलो. शेवटी राहवेना, तेव्हा बस धरून थेट कारखाना गाठला.

फाटकाशी घाण उपसणारा टँकर इंजिन चालू ठेवून उभा होता. टाकीपाशी फिटर बसला होता. आत पाइपातून हवा बुडबुडत होती.

"बाईंचे मामा ना तुम्ही? पुस्तकवाले?" फिटर म्हणाला. "उशीर केलात. साहेबांनी बाईंना ऑफिसात बोलावलंय. आधी टाकी रिकामी होणार, मग बाईंची खुर्ची."

"हवा कधी सोडली?"

"तुमचं उत्तर येईना, तेव्हा बाई म्हणाल्या, सोड. श्वास कोंडला असेल बिचाऱ्यांचा. पण आजोबा, हवा देतोय तसा रंग उतरतोय आणि वास चढतोय. आधी कसं झक्क लाल होतं! द्राक्षाचा रस सांडलास म्हणून साहेबांनी मलाच झापलं होतं."

मी वाकून पाहिलं. पाणी गढूळ, तपकिरी. शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर मात्र एक बाटली उन्हात ठेवलेली होती.

"ही कसली?"

"हवा सोडायच्या आधी बाईंनी याच टाकीतून काठोकाठ भरून घेतली. बूच उघडू नका हो, उलटी होईल!"

बाटलीच्या तळाशी गडद, जांभळट लाल साका बसला होता. वरचं पाणी इतकं नितळ की पलीकडचा टँकर त्यातून दिसत होता.

म्हणजे पाण्यातली घाण कुणीतरी खात होतं. हिरवे गेले होते, पण त्यांच्या जागी दुसरे आले होते. तेही प्रकाशावर वाढणारे, फक्त हवा नसेल तेव्हाच खुशीत असणारे. आणि आम्ही त्यांना हवा पाजत होतो.

"हवा बंद कर," मी म्हणालो. म्हणजे ओठ हलले. फिटरला काही ऐकू गेलं नाही, कारण टँकरवाला ओरडत होता, "अरे, पाइप टाकू का? दिवसभर इथेच उभं राहू?"

"साहेबांचा हुकूम येऊ दे की!" फिटर त्याच्यावर खेकसला.

मी ऑफिसच्या दाराशी पोचलो. दार बंद होतं. आतून साहेबांचा आवाज येत होता. "मॅडम, एवढंच सांगा. जिवंत आहे की मेलंय?"



टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली आला. समजा, माझंच चुकलं तर? बंद टाकी आणखी सडली, गावभर वास सुटला, तर सगळं खापर तिच्या डोक्यावर.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "टँकरवाल्याला सांगतो." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

खिशात तिचंच पत्र होतं. दारालगतच्या भिंतीवर टेकवून त्याच्या पाठीवर घाईघाईने लिहिलं: 'बहुधा जिवंत आहेत. हिरवे नाहीत, दुसरे आहेत. हवा बंद कर, झाकण घट्ट लाव, ऊन मिळू दे. आधी खिडकीतली बाटली साहेबांना दाखव. मामा.'

पहिला शब्द दोनदा गिरवून खोडला. मग गुडघ्यावर बसलो आणि दाराखालच्या फटीतून पत्र आत सरकवलं.