भगवंतरावांच्या दातातले सोने

मित्रांनो, सोन्यालाही लाज वाटते असे म्हटले तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. मी एक जुनी सोन्याची मेख आहे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. सध्या एका घराच्या छपरावर, कवेलूंमध्ये म्हणजे कौलांमध्ये साचलेल्या मातीत पडून आहे. पण एके काळी मी एका माणसाच्या पुढच्या दातात मिरवत होते आणि तिथेच मला लाज म्हणजे काय ते कळले.

भातकुलीजवळच्या एका गावात भगवंतराव नावाचे शेतकरी होते. जमीन काळी, कसदार. कापूस दर वर्षी पिके आणि बेताच्या भावाने जाई. मग साता समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई पेटली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना एकदम भाव चढला. अमरावतीच्या बाजारात कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रीघ लागली. लोकांना पैशाचे काय करावे ते सुचेना. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. भगवंतरावांनी घरावरचे मातीचे धाबे काढून कवेलू चढवले, आणि उरलेली हौस स्वतःच्या तोंडात घातली.

अमरावतीच्या शालिकराम सोनाराने मला घडवले. भगवंतरावांचा वरचा पुढचा दात अगदी धडधाकट होता. शालिकरामने सामता घेतला. दोरीच्या कमानीने गरगर फिरवून मण्यांना भोक पाडायचे ते हत्यार. त्याने दात विंधला, मला आत ठोकले आणि वरून घासून चकचकीत केले. भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मला वाटले, आनंदाचेच असेल.

मग काय विचारता! भगवंतराव जे हसत सुटले ते थांबेचनात. कुणी गाय मेल्याचे सांगितले तरी आधी हसून घेत आणि मग हळहळत. उन्हात मी लखकन चमके. गावकरी म्हणत, "पाहा बाप्पा, भगवंतराव बोलून राहिले का सोनं सांडून राहिले!" हे ऐकून मी हरखून जाई.

घरात एकटी पार्बताबाई, भगवंतरावांची म्हातारी आई, हसत नसे. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. भाकर ती दुधात कुस्करून खाई आणि पान खलबत्त्यात कुटून.

"राखेनं घासले, दुखले तवा लवंग दाबली, हालले तवा उपटले. एकेका दातासाठी रडली मी," ती म्हणे. "अन् तू चांगल्या दाताले भोक पाडून आला. काहून रे?"

"मा, तुले नाई समजत," भगवंतराव म्हणत आणि पुन्हा हसत.

मित्रांनो, म्हातारीला सगळे समजत होते. माझ्या आणि दाताच्या मध्ये केसाएवढी फट राहिली होती. तिच्यात भाकरीचा कण जाई, गूळ जाई. बाभळीची काडी तिथे पोहोचत नसे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दात आतून काळा पडू लागला. बाहेरून लोक "वा, वा" करीत होते आणि मी ज्या घरात राहत होते ते माझ्याच अंगाखाली कुजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. निदान चमकणे तरी थांबवावे म्हटले, तर सोन्याला तेही जमत नाही.

मग कळा सुरू झाल्या. थंड पाणी लागले की भगवंतरावांचा हात गालावर जाई. ते एकाच बाजूने चावू लागले. हिरडी सुजली आणि हसणे बंद झाले. ते सदा तोंडावर उपरणे धरून बसू लागले. त्यांची बायको माणिकबाई विचारी, "जी, तोंडाले काय झालं?" तर म्हणत, "काही नाई, धुरळा हाये." घरात कसला धुरळा? पण खरे सांगायची त्यांना लाज वाटे. ज्या दाताची गावभर फुशारकी मारली तोच सडला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यांची मुलगी रुख्मिणी, घरात तिला रुखमी म्हणत. तिचे दुधाचे दात पडायचे दिवस होते. पडला दात की ती अंगणातून तो कवेलूंवर भिरकावी आणि ओरडे, "जुना घे, नवा दे!" तिचे पुढचे दोन नवे दात नुकतेच आले होते, कोवळ्या कंगोऱ्यांचे. एकदा ती धावत येऊन वडिलांच्या मांडीवर चढली आणि लगेच नाक मुरडून तिने तोंड फिरवले. वास माझ्याखालून येत होता. मातीत गडप व्हावे असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

आणि एवढ्यात सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आली. चांदूर बाजारच्या नत्थुजींच्या मुलाशी रुखमीचे लग्न ठरले होते. तेव्हाची रीतच तशी होती, मुलीचे खेळायचे वय सरायच्या आत लग्न ठरे. सुपारी फुटली त्या दिवशी भगवंतराव चारचौघांत बोलून गेले होते, "पोरीच्या दातात सोनं घालूनच सासरी धाडीन!" आता लग्न जवळ आले होते आणि दिलेला शब्द पाळायचा होता. रुखमी तर आनंदाने नाचत होती.

भगवंतराव कापसाचे निमित्त काढून अकोल्याला गेले. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हते. बाजारात दात उपटणारा एक जर्राह बसे. त्याने आधी रिंगणीच्या बियांची धुरी दिली, म्हणजे दातातले किडे पडतात असे सांगितले. कळ तसूभर हलली नाही. मग त्याने हिरडी दाबून पाहिली आणि म्हणाला, "पाटील, सोन्याखाली पू झाला. दात काढाच लागते."

"काढला तं लोक काय म्हणतीन?" भगवंतराव म्हणाले, आणि मिठाच्या गुळण्या करायचा सल्ला घेऊन परत आले.

ठरल्या दिवशी शालिकरामच्या दुकानात मंडळी जमली. नत्थुजीही मुद्दाम आले होते. त्यांच्या दातातही माझ्यासारखीच मेख होती. पान पुढे केले तर ते नको म्हणाले. रुखमी सोनारापुढे मान वर करून बसली. शालिकरामने सामत्याची दोरी ताणली.

"बाबा, दुखन का?" रुखमीने विचारले.

"नाई दुखत, बेटा," उपरण्याआडून भगवंतराव म्हणाले. त्याच क्षणी त्यांच्या दातातून अशी कळ गेली की मीही हलले.

रुखमी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मंग तुमी तोंड झाकून काहून बसता?"

दुकानात सगळे थांबले. सामत्याचे टोक तिच्या नव्या दातापासून बोटभर दूर होते. मी सोने असूनही त्या वेळी देवाला एकच मागितले, की आता मला कुणीही लपवू नये.

 भगवंतरावांनी उपरणे खाली घेतले आणि तोंड उघडले. सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर. माझ्याभोवती दात काळाठिक्कर पडला होता, वर हिरडी फुगून लाल झाली होती. वास सुटला तसा शालिकराम मागे सरकला.

"दुखते, बेटा. लय दुखते," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. "शालिकराम, ठेव तो सामता. माह्या पोरीच्या दाताले हात नोको लावू. व्याही, माहा शब्द मोडला. तुमाले सोयरीक मोडाची असन तं मोडा."

मला वाटले, संपले सगळे.  पण नत्थुजींनी गालातली लवंग जिभेने एका बाजूला सारली आणि हळूच विचारले, "व्याही, दात काढनारा कोनी चांगला माहीत हाये का?"

दोघे एकाच बंडीत अकोल्याला गेले. जर्राहाने जंबुराने दात धरला, एक हिसडा दिला, आणि मी दातासकट बाहेर आले. हळद-तुरटीचा बोळा दाबून भगवंतराव घरी परतले. माणिकबाई म्हणाली, "सोनं तं काढून घ्या." पण रुखमीने दात त्यांच्या हाती ठेवला आणि म्हणाली, "बाबा, फेका ना वर. नवा येईन."

त्यांना माहीत होते की येणार नाही. तरी त्यांनी मला दातासकट कवेलूंवर फेकले आणि मुलीसाठी मोठ्याने ओरडले, "जुना घे, नवा दे!"

तेव्हापासून मी इथेच आहे. पुढे ती दूरची लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, शिंगांवरच्या शेंब्याही विकल्या गेल्या. माझ्याभोवतीचा सडका दात झडून गेला, मी मात्र तशीच आहे. शेजारी रुखमीचे दुधाचे दात आहेत. मित्रांनो, दात दुखला तर तोंड झाकू नका, कुणाला तरी दाखवा. आणि चांगल्या दाताला शोभेसाठी कुणाला हात लावू देऊ नका, मग हातात सोने का असेना.

पुढे रुखमी माहेरी आली की अंगणात उभी राहून हसे, तोंड भरून, सगळे दात दाखवून. तिच्यासमोर बसलेले भगवंतरावही हसत. पुढच्या दाताची जागा रिकामी असे आणि तोंडावर उपरणे नसे.