पंचवीस पॉइंट दोन

पाऱ्याची रेघ तुटली होती. खालचा पारा विसावर थांबलेला, मग बोटाच्या पेराएवढी मोकळी काच, आणि वर अडकलेला तुकडा तेहतिसावर, मख्ख. झडपांच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालून ती बघत राहिली. पारा असा तुटतो कधीकधी... तिने राखीव तापमापी लावली, पाव तास थांबून नोंदवहीत बाराच्या ओळीत पंचवीस पॉइंट एक लिहिलं. वर मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात सकाळचे आकडे होते : सहाला सतरा पॉइंट चार, नऊला एकवीस. म्हणजे नऊनंतरच तुटला असणार.

मास्तर व्हरांड्यात चहा पीत होते. वेधशाळेत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिला शिकवलं होतं — रात्रभर जमीन निवत जाते, म्हणून खरा गारठा सूर्य उगवल्यावरही थोडा वेळ वाढतच राहतो. आणि ऊन बाराला डोक्यावर आलं तरी उकाडा तीनच्या सुमाराला, कारण तापलेली जमीन हवेला ऊब देते ती सावकाश, आपल्या मर्जीने. आणि वर एकच दम : पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. अंदाज लिहिणारा माणूस चोर.

"मास्तर, हे बघा ना," तिने तुटल्या पाऱ्याची तापमापी पुढे केली.

त्यांनी ती डोळ्यांच्या रेषेत धरली, मान किंचित तिरकी केली. "पंचवीस पॉइंट दोन. का गं, शंका आहे?"

पंचवीसच्या खुणेपाशी तर रिकामी काच होती! पण हवेत होतं... हवेत पंचवीसच होतं, एका दशांशाच्या फरकाने — आणि हेच जास्त भयंकर होतं, कारण धडधडीत चुकले असते तर निदान रागावता आलं असतं.

"यातला पारा तुटलाय, मास्तर."

कप बशीवर ठेवताना त्यांचा हात चाचपडला. हे चाचपडणं आपल्याला आजवर कसं दिसलं नाही?

"दोन वर्षं झाली, आकडे दिसत नाहीत," ते म्हणाले. "सकाळी नाकाच्या शेंड्याला कळतं, दुपारी मनगटाला. फार चुकत नाही गं." मग अगदी हळू, "तीन महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला."

तीनला ते सवयीने उठले. ती खिडकीतून बघत होती — ते पेटीपाशी गेले, वाकले, श्वास रोखून उभे राहिले, जणू खरंच काही वाचताहेत. आत येऊन लिहिलं : अठ्ठावीस पॉइंट सहा. ती मागोमाग धावत जाऊन बघून आली. अठ्ठावीस पॉइंट चार. दिवसाच्या तक्त्यावर दोघांची सही लागते, त्यांनी आपली करून ठेवली होती.

ऊन उतरलं तशी हवा भराभर निवू लागली. सहाच्या नोंदीला ती पेटीकडे निघाली. वरिष्ठांना कळवायचं... कळवायलाच हवं... दोन वर्षांचे आकडे, आणि त्यांच्यावर विसंबलेले कितीजण... आणि कळवलं तर हा माणूस तीन महिने कुठल्या तोंडाने इथे येईल? तिने झडप उघडायला हात लावला आणि त्याच क्षणी, काच दिसायच्या आधीच, मनात आकडा उमटून गेला होता : बावीस पॉइंट आठ.

ती दचकली. झडप तशीच धरून उभी राहिली. हा आकडा रोज असाच आधी येतो का? आणि मग आपण जे वाचतो ते — पारा वाचतो, की... एकोणीस वर्षं... तिला एकही दिवस खात्रीने आठवेना.