दुसऱ्या सीटवरचं पोतं

विमानाला कपडे घालावे लागतात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी या स्थळाचा पुन्हा एकदा विचार केला असता. मला वाटायचं, विमान म्हणजे पत्रा. पण घरी बांधायचं छोटं विमान तसं नसतं. आधी लाकडाचा आणि नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि त्या कापडावर लेपांचे थर. आमच्याकडे सांगाडा कधीचाच तयार होता. सगळं अडलं होतं ते कापडापाशी.

विमान उभं होतं माझ्या लाँड्रीमागच्या शेडमध्ये. शेड माझी, कपडे वाळवायची. आमचे हे तंत्रशाळेत शिकवतात. एका दुपारी शाळेतून आले, कपड्यांचे गठ्ठे तोलायच्या काट्यापाशी घुटमळले आणि म्हणाले, "अगं, शेड देतेस का? दोन सीटचं विमान बांधतो. पहिली चक्कर तुझी." इतके गडबडले होते की काटा बरोबर दाखवतो का बघू, म्हणून मला त्यावर उभंही केलं. मी तेव्हा काडीसारखी होते आणि भोळीही होते. हो म्हणून बसले.

तेव्हापासून हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलच्या ओल्या चादरी मी जिने चढून गच्चीवर वाळत घालते. तेव्हा रांगणारी आमची मुलगी शिकून नोकरीला लागली, विमान अजून शेडमध्येच. मधल्या काळात मीही थोडी भरले. थोडी म्हणजे किती, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

तर कापड. कापड पॉलिस्टरचंच, त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते चिकटवायचं कशाने आणि वर लेप कसला द्यायचा याचं. यांनी तीन लाकडी चौकटींवर कापड ताणून तीन पद्धतींचे नमुने केले आणि शेडमधल्या माझ्या जुन्या दोरीवर चिमट्यांनी टांगले. पहिली पद्धत हलकी, दिसायला निस्तेज, फाटलं तर ठिगळ सहज बसतं, पण थिनरचा वास असा की डोळ्यांना धारा लागतात. माझ्या चादरींना तो वास लागला असता तर गिऱ्हाइकांनी त्या माझ्या तोंडावर फेकल्या असत्या. मी यांना स्पष्ट सांगितलं, "ती पद्धत आली की शेडला कुलूप." दुसरी पद्धत पाण्यातली. वास नाही, म्हणून ती माझी लाडकी. पण हवा जरा दमट झाली की ती वाळायचं नाव घेत नाही, आणि वजनाला मधली.

तिसरी होती चमकवाली. तिचे वकील चकाकराव. हे यांचे मित्र, जन्मभर मोटारींना रंग दिलेले, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. "वहिनी," ते मला म्हणायचे, "या पंखात बघून तुम्हाला केस विंचरता येतील."

"पंखात बघून मी केस कशाला विंचरू? घरी आरसा आहे की."

पण यांचा जीव त्या चमकेवरच जडला होता. येता-जाता त्या नमुन्यासमोर उभे राहायचे, मान इकडून तिकडे वळवायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे. अडचण एकच. चमक म्हणजे थर, थर म्हणजे वजन, आणि विमानाने किती वजन उचलायचं ते ठरलेलं असतं.

म्हणून यांनी युक्ती काढली. विमानाच्या प्रत्येक चाकाखाली एकेक काटा ठेवला. पेट्रोलऐवजी वाळूचं पोतं, यांच्या सीटवर यांच्या वजनाचं पोतं, दुसऱ्या सीटवर दुसरं. मर्यादेपर्यंत जेवढं वजन शिल्लक राहील तेवढं कापडाचं आणि लेपाचं. हिशेब करून आले आणि चमक बसते म्हणाले. स्वारी खुशीत होती. रविवारी तपासनीस येणार होते. कापड चढलं की आतलं काही दिसत नाही, म्हणून सांगाडा आधी दाखवावा लागतो आणि पद्धतही तेव्हाच सांगावी लागते.

दुसऱ्या दिवशी मी शेड झाडायला गेले. सीटखाली भुसा साचला होता, म्हणून दुसऱ्या सीटवरचं पोतं बाजूला करायला हात घातला, तर ते एका हिसक्यात वर आलं. मी दिवसभर ओले गठ्ठे उचलणारी बाई. कशात किती वजन आहे ते माझ्या हातांना कळतं. हे पोतं मी नव्हते.

मग कोण? मला फार डोकं चालवावं लागलं नाही. वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, अंगाने अगदी शिडशिडीत. गेल्याच आठवड्यात येऊन यांचा उडायचा चष्मा डोळ्यांवर चढवून त्या सीटवर बसल्या होत्या आणि "इथून काय काय दिसेल रे?" म्हणून विचारत होत्या. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. जिने झिजवले मी, आणि चक्कर मारणार वन्सं, का तर त्या बसल्या म्हणजे यांची चमक बसते.

भांडायला मी कमी नाही. पण भांडायचं म्हणजे माझं वजन किती ते सांगावं लागणार, आणि ते माझ्या तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं. म्हणून दुपारी लाँड्रीचं दार आतून लावलं, गठ्ठ्यांच्या काट्यावर चढले, आकडा बघितला आणि काट्याला दोन शब्द सुनावले. मग काटा तेवढाच दाखवीपर्यंत त्याच पोत्यात आणखी वाळू भरली, तोंड शिवलं, धापा टाकत ते सीटवर चढवलं आणि पट्टासुद्धा बांधला.

त्यानंतरची मजा मी जन्मात विसरणार नाही. संध्याकाळी यांनी सहज काट्यांवर नजर टाकली आणि मटकन खालीच बसले. विमान एका दिवसात जड झालं होतं. आधी काट्यांवर संशय. चकाकराव तिन्ही काट्यांवर आळीपाळीने उभे राहिले, काटे निर्दोष सुटले. मग लाकूड ओल धरतंय म्हणून शेडभर पंखे लावले. पंखांत हातोडी राहिली असेल म्हणून दोघांनी पंख गदागदा हलवले. यांच्या सीटची गादी काढली. सीटमागच्या फळीला भोकं पाडली. चकाकराव हिशेबातला एकेक थर कमी करत गेले आणि दर थरामागे सुतक असल्यासारखे बसून राहिले. शनिवारी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले तर मिशी साफ.

"अहो, हे काय?"

"जेवढं कमी होईल तेवढं," हे म्हणाले.

मी तोंडाला पदर लावून आत गेले आणि पोट दुखेपर्यंत हसले. पोत्याकडे मात्र दोघांपैकी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

रविवारी तपासनीस आले. बुटके, शांत, हातात टॉर्च आणि काठीला बांधलेला छोटा आरसा. वन्संही बघायला आल्या होत्या. तपासनिसांनी सांधा न् सांधा पाहिला, यांचं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकेक वस्तू खाली घ्या आणि तोला."

पेट्रोलचं पोतं बरोबर भरलं. यांचं पोतं बरोबर भरलं. मग हे नेहमीच्या सवयीने दुसरं पोतं एका हाताने उचलायला गेले आणि कमरेवर हात ठेवून तसेच वाकून राहिले. चकाकराव धावले. दोघांनी मिळून ते कसंबसं काट्यावर ठेवलं. तपासनिसांनी चष्मा वर केला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

मग मीच सुरू केलं. "खरी मी आहे ही. आधी इथे कुणाचं पोतं होतं, ते विचारा यांना." आणि मी वन्संकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" वन्सं म्हणाल्या. "मला झोपाळ्यावर गरगरतं. विमान जमिनीवर आहे तोवर बसून घ्यावं, म्हणून बसले होते मी."

"तीही तूच होतीस," हे वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "शेड मागायला आलो, तेव्हा तुला काट्यावर उभं केलं नव्हतं का? काटा चांगलाच होता. मला दुसऱ्या सीटचं वजन हवं होतं. त्याच दिवशी पोतं भरून ठेवलं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

"त्यानंतर मी बदलले नाही का?"

हे हळूहळू सरळ झाले. विद्यार्थ्याचं ड्रॉइंग तपासतात तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला तर तू तेवढीच दिसतेस," म्हणाले. चकाकरावांना ठसका लागला.

बरं वाटत होतं, आणि वन्संच्या नजरेला नजर द्यायची लाजही वाटत होती. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "म्हणजे वजन माझं वाढलं नाही," मी म्हणाले, "उशीर तुम्ही केलात."

"बाईंचा मुद्दा बरोबर आहे," तपासनीस म्हणाले. "पण हे पोतं आणि ती चमक, दोन्ही एकदम उडणार नाहीत. काय ते ठरवा."

"वहिनी," चकाकराव चाचरत म्हणाले, "रोज सकाळी जरा फिरायला गेलात तर..." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते आपला रंगाचा फवारा पुसू लागले.

हे दोरीपाशी गेले. चमकेच्या नमुन्यात आपला बिनमिशीचा चेहरा जरा वेळ बघत राहिले. मग चिमटे काढले आणि चौकट चकाकरावांच्या हातात दिली. "चमक खाली उभं राहणाऱ्यांना दिसते," म्हणाले. "आम्ही दोघं आत असणार." आणि तपासनिसांना म्हणाले, "पाण्याची पद्धतही बसत नाही. पहिली करतो, वासाची." एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिले. कुलपाची धमकी त्यांच्या लक्षात होती.

समोरच्या वळणावर दुसरी लाँड्री आहे. तिथे मी आजवर एक रुमालसुद्धा पाठवला नव्हता, मरून गेले असते तरी पाठवला नसता. "तेवढे दिवस चादरी तिकडे देईन," मी म्हणाले. "पण मिशी परत ठेवा."

मग कापड चढलं. चिकटवलेलं कापड गरम इस्त्री फिरवली की आक्रसतं आणि ताठ बसतं. यांनी माझ्या इस्त्रीला थर्मामीटर लावून तिची उलटतपासणी घेतली, पण पंखांवर ती फिरवली मीच. हे एकाच जागी विचार करत थांबतात, आणि इस्त्री काही विचार करत थांबत नाही. लेप चकाकरावांनी दिला, तोंडाला मुसकं बांधून, निस्तेज असला तरी अगदी मन लावून. आम्ही त्यांना पुढच्या पंख्याची वाटीएवढी धातूची टोपी चमकवू दिली. तिच्यात बघून ते स्वतःच केस विंचरतात.

सुरुवातीला दुसरा माणूस बसवायचा नाही असा नियम असतो. म्हणून हे एकटे उडाले, शेजारी पट्ट्याने बांधलेलं पोतं. मैदानाच्या कडेला उभी राहून मी माझ्या पोत्याला हात केला. माझा जीव टांगणीला होता, पण वाळूचा थोडा हेवाही वाटला.

मग माझा दिवस आला. मैदानावर वन्सं होत्या, चकाकराव होते आणि पेट्रोल भरणारा एक अनोळखी माणूस होता. तपासनीस जवळ येऊन म्हणाले, "प्रवाशाचं वजन?"

"पोत्याएवढंच," हे घाईघाईने म्हणाले. मला वाचवत होते बिचारे.

मी यांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर आकडा सांगितला. मोठ्याने, पूर्ण, सकाळचा चहा धरून. तुम्हाला नाही सांगणार, तुम्हाला कुठे विमानात बसायचंय. वन्संनी पर्समधलं काहीतरी शोधायला घेतलं. चकाकराव आभाळाकडे बघत राहिले.

"इथे पाय देऊ नकोस, नुसतं कापड आहे," म्हणत यांनी हात दिला. मी दुसऱ्या सीटवर बसले. यांनी पट्टा माझ्यावरून घेतला आणि सैल करावा लागेल म्हणून बकलाकडे हात नेला. त्याची गरज पडली नाही. पोत्याच्या मापाचा पट्टा एका झटक्यात बसला.