टाकीच्या पाण्याचे श्रेय

मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एकदा सूर्य उकळला होता, असे मी कपाटातल्या नव्या चंचुपात्रांना सांगतो. ती बिचारी विश्वास ठेवतात. तुम्ही ठेवू नका. पुढचे मात्र खरे आहे.

एका कारागिराने फुंकर मारून मला फुगवले. तो भरपेट जेवून आला असावा, म्हणून मी असा ढेरपोट्या. मला एकट्याला उभे राहता येत नाही. रबरी कड्यात बसावे लागते. प्रयोगशाळेत मी डॉक्टरेटसाठी संशोधन करणाऱ्या ताईंच्या हाती पडलो. त्या कार्बनच्या अणूंचे कडे जुळवत आणि त्यात एखादा नायट्रोजनचा अणू घुसवत. अशा प्रत्येक पदार्थाची भुकटी शेजारच्या खोलीत जाई. तिथे तबकडीत जिवंत पेशी असत. भुकटीने त्या जाग्या होऊन विषाणूला तोंड देतात का, एवढेच पाहायचे.

सहा वर्षांत चाळीस भुकट्या झाल्या. पेशी काही उठल्या नाहीत. पुढे पुढे ताई निकाल उभ्याउभ्याच वाचू लागल्या. चेहऱ्यावर काही येत नसे. मी तर काच, मला काहीच वाटत नाही. आमचे छान जमले.

एकेचाळिसाव्या भुकटीने पेशी उठल्या. तीच नव्या कोऱ्या चंबूत केली, तर उठल्या नाहीत. माझ्यात केली, पुन्हा उठल्या.

"चंबू लकी आहे," ताईंचे मार्गदर्शक सर म्हणाले. "तोच वापरा. यावर तुमची पदवी झाली म्हणून समजा."

माझा फोटो दारावर लागला. भांडी धुणारे मामा मला विचारत, "काय साहेब, आज काय घेणार?"

ताई मात्र हसल्या नाहीत. एका दुपारी त्यांनी माझ्यात नुसते विकतच्या बाटलीतले शुद्ध पाणी फिरवले आणि तेच पेशींना दिले. भुकटीचा कणही नाही. पेशी खडबडून जाग्या झाल्या.

"मामा, याला कुठल्या पाण्यानं धुता?"

"टाकीच्या. शुद्ध पाण्याचं यंत्र चार महिने बंद आहे ना. साबण लावतो हो पण."

टाकीतल्या मेलेल्या जंतूंचा थर माझ्या आत बसला होता. जंतूंचा माग लागला की पेशी सावध होतातच. भुकटीचा त्यात काही हात नव्हता. ताईंनी मला भट्टीत तापवून तो थर जाळला आणि एकेचाळिसावी पुन्हा केली. पेशी झोपूनच राहिल्या.

सरांनी कागद पाहिला. "नुसतं पाणी तपासायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग ते तपासलंच नाही, असं समजलं तर?"

"तपासलंय, सर."

फोटो निघाला. दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले. मामा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"ताई, माझ्यामुळं तुमची पदवी गेली."

"डबा खाल्लात का, मामा?"

"नाही."

"खाऊन घ्या. मग यंत्राच्या दुरुस्तीचा अर्ज लिहू."

सध्या माझ्या पोटात बेचाळिसावी उकळते आहे. ताई समोर उभ्या आहेत, चेहरा तसाच. मित्रांनो, तुम्हीही कधी मला धुवाल, तर आतून धुवा. बाहेरून मी कायमच चकचकीत दिसतो. माझी तेवढी एक थाप अजून कोणालाच ओळखू येत नाही.