थांबता न येणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. मोखाड्याच्या एका दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्यासाठी मला आणले होते. आता जिन्याखाली मोडक्या खाटांशेजारी उभे आहे.

माझ्या पडद्यावर काय कुठे असावे, हे सिंगापूर, मनिला, बेंगळुरू अशा शहरांतल्या माणसांना दाखवून ठरवले होते. सगळ्यांनी वाखाणले. त्यामुळे मी तोऱ्यातच इथे आले. नारळ फुटला, हार पडला, टाळ्या वाजल्या. मला वाटले, आता आपल्याभोवती सदा गर्दी!

गर्दी झाली, पण ती नंबर देणाऱ्या बाबूंच्या खिडकीपाशी. माझ्याकडे कोणी फिरकेना. फार एकटे वाटायचे हो.

एकदा बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर आले होते आणि नेमकी खिडकी बंद होती. जवळच्या पाड्यावरची सुकी आपल्या सासूला, माघीला, घेऊन माझ्यापुढे आली. माघीची नजर झपाट्याने जात होती. पडद्यावरचा प्रश्न वाचून सुकी मागे वळली.

"आये, आंधी कोनचा डोला दुखला?"

माघीने सोबत आलेल्या धाकट्या सुनेला विचारले, तिने शेजारणीला. इथे कोणी एकटे येत नाही आणि एकट्याने उत्तरही देत नाही. पण जरा वेळ बोट लागले नाही की सगळे पुसून पहिल्यापासून सुरू करायचे, असे मला शिकवलेले. मी पडले हुकमाचे ताबेदार! पुन्हा पुन्हा तेच झाले.

"ह्याला आपला आयकाया टाइम नाय," सुकी म्हणाली. नंबर काही मिळाला नाही. डॉक्टर निघून गेले.

डॉक्टरांच्या पुढच्या खेपेला रुचिराताईही आल्या. लोक यंत्र कसे वापरतात ते पाहणे, हेच त्यांचे काम. माघीला घेऊन पुन्हा माझ्यापुढे आलेली सुकी बिचकली. "मना नाय जमत."

"ताई, परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे," असे म्हणून त्या गप्प बसून पाहत राहिल्या. मी साफ नापास झाले. मग माघीला त्यांनी स्वतः आत डॉक्टरांकडे नेले. तिचा एक डोळा वाचला. दुसऱ्याला उशीर झाला होता.

माझ्या जागी नवे यंत्र आले. बायकांचे आपसात बोलून होईपर्यंत ते थांबते. त्यांचा गलका इथवर ऐकू येतो, आणि मला त्याचा हेवा वाटतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रे बनवाल. ती जिथे उभी राहणार, तिथे आधी जाऊन बसा. तिथल्या माणसांचे बोलणे पुरते ऐका.

काल माघी जिन्याजवळून गेली. गेलेला डोळा माझ्या बाजूला होता. मी इथे आहे, हे तिला दिसलेच नाही.