शपथेचा नारळ

किशोरीनं नारळ आमदारांच्या हातात दिला नाही. देवीपुढच्या पाटावर दणकन ठेवला.

“ठेवा हात, हर्षदभाऊ. आनि बोला.”

देवळात शे-दीडशे माणूस. आमदार सत्कार घ्यायला आले होते, शाल अजून घडीतच होती. पण किशोरी म्हणजे कल्ला उघडून पाहिल्याशिवाय सख्ख्या भावाकडूनही पापलेट न घेणारी बाई. ती कसली सत्काराला भुलते! गेल्या आठवड्यात विधानसभेत किनाऱ्यावरच्या वीजप्रकल्पांचं विधेयक मंजूर झालं. आता खाडीच्या तोंडाशी वीज कंपनीची कोळशाची जेट्टी येणार, आणि गावाची जाळी लागतात नेमक्या तिथंच बार्ज उभे राहणार. निवडणुकीत तिनं स्वतः घरोघर फिरून ह्या माणसासाठी मतं मागितली होती. म्हणून तर तिचा जीव जळत होता.

“ताई, मी विरोधातच होतो,” आमदार म्हणाले.

“आयकलं कोनी?”

“आवाजी मतदान होतं. एवढ्या गलक्यात एकट्याचं ‘नाही’ कुणाला ऐकू जाणार? नावं कुठं लिहून घेतात?”

“वा! म्हंजे आमी निसता इस्वास ठेवायचा. आनि निवडनुकीत कंपनीचा पैसा आला, तो बी गलक्यातच का?”

बायका फिसकन हसल्या. आमदार हसले नाहीत. पुढं होऊन त्यांनी नारळावर हात ठेवला.

“मी ‘नाही’च म्हणालो. आणि निवडणुकीत कंपनीकडून मी एक रुपया घेतलेला नाही. देवी साक्ष आहे.”

इतकं सरळ म्हणाले, की किशोरीला ते मुळीच आवडलं नाही. खोटं बोलणारा निदान एकदा तरी घसा खाकरतो. गावाला मात्र हायसं वाटलं. कुणीतरी शाल उलगडून आमदारांच्या खांद्यावर घातलीसुद्धा.

“आता नारल दर्याला,” गावचे पाटील दयाराम म्हणाले. “मितेश, तू ने.”

गावाची रीतच तशी. शपथेचा नारळ फोडायचा नाही, घरी न्यायचा नाही. एका नाखव्यानं बोटीतून नेऊन तो दर्यात सोडायचा. आणि ज्या गोष्टीची शपथ, त्या गोष्टीत त्या नाखव्यानं स्वतः काही घेतलेलं नसावं. घेऊनही नारळ उचलला, तर बोट परत येत नाही असं मानतात.

मितेश किशोरीचा नवरा. गावात ह्यांच्यासारखा सरळ नाखवा नाही, हे ती स्वतःच बाजारभर सांगत आलेली. तो खांबाला टेकून उभा होता, तसाच राहिला.

“दुसऱ्या कोनाला तरी सांगा.”

“अवो, तुमाला काय झालं?” किशोरी त्याच्याजवळ गेली.

“इंजिन,” तो हळूच म्हणाला.

“बोटीचं? ते तर मच्छीमार सोसायटीनं दिलं ना?”

“न्हाय. कंपनीनं. आमदारांच्या प्रचाराला बोटी पायजे व्हत्या, म्हनून.”

त्या इंजिनाचे पेढे तिनं आळीभर वाटले होते. लाजेनं तिचे कान तापले. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं, ह्यांना ताप आहे. कुणी काही विचारलं नसतं. पण मग आमदारांना तरी कुठल्या तोंडानं विचारायचं?

“आमचा हात चालनार न्हाय,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “आमी कंपनीचं इंजिन घेतलंय. दुसरा नाखवा बघा.”

देवळात चौदा नाखवे होते. दयाराम एकेकाकडे बघत गेले. कुणी टोपी सारखी केली, कुणी फोन काढला, कुणी उगाच बाहेर मुलांना ओरडला. पुढं कुणीच आलं नाही.

आमदारांनी खांद्यावरची शाल नीट केली. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती.